दोन ठिकाणांचे शून्य : रंगमंचावरच्या दिव्यांना हुकूम पोचवणाऱ्या तारेचा इतिहास

नाटकाचा इतिहास लिहिताना नाटककारांची नावे येतात, नटांची येतात, गायकांची तर हमखास येतात. प्रकाशयोजनाकाराच्या वाट्याला फार तर एक ओळ येते. पण त्याने योजलेला प्रकाश दिव्यापर्यंत ज्या तारेतून पोचतो, त्या तारेबद्दल कोणी काही लिहीत नाही. गोमंतकात हे जरा विचित्रच म्हणायला हवे. गावागावांत देवळाच्या उत्सवाला मराठी नाटक उभे करण्याची आपली परंपरा. तोंडाला एकदा तरी रंग लावलेला माणूस प्रत्येक वाड्यावर सापडतो. पडदा ओढणारा, पेटीवाला, मेकअपवाला हे सगळे आपल्या आठवणीत राहतात. दिवेवाला मात्र विंगेतल्या काळोखातच राहतो.

आजच्या दिवेवाल्याच्या टेबलावरून एक बारीक काळी तार निघते आणि रंगमंचाकडे जाते. त्या तारेतून दिव्याची वीज जात नाही. जातो तो फक्त हुकूम : अमुक दिवा इतका उजळ, तमुक दिवा विझव. वाटेत कुठेतरी एक लोखंडी डबी असते. एका बाजूने तार आत जाते, दुसऱ्या बाजूने चार, सहा, आठ तारा बाहेर पडतात. तिला स्प्लिटर म्हणतात. वरवर पाहता एका नळाला चार तोट्या बसवाव्यात तसा प्रकार. पण ही डबी तोटीसारखी असती तर तिला इतिहास नसता. तिच्या पोटात जे आहे ते समजायला रंगभूमीला सुमारे शंभर वर्षे लागली, आणि ते न समजल्यामुळे आजही रंगमंचावर माणसाच्या जिवाला धोका होऊ शकतो. म्हणून हा लेखप्रपंच.

ज्योत, वायू आणि वीज

विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली सांगलीत ‘सीतास्वयंवर’ केले, अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८० साली पुण्यात ‘शाकुंतल’ उभे केले. ही सारी तेलाच्या दिव्यांची रंगभूमी. आपल्याकडच्या दशावताराचीही तीच गोष्ट : आधी मशाली-दिवट्या, मग गॅसबत्त्या. दिवा हवा तर माणसाने जाऊन लावायचा, नको तर माणसाने जाऊन विझवायचा. हुकूम आणि हात एकाच जागी.

युरोपातल्या मोठ्या नाट्यगृहांत त्याआधीच नळातून येणारा जळाऊ वायू आला होता. त्याने उजेड वाढला हे खरेच, पण त्याहून मोठा बदल वेगळाच होता. विंगेजवळ एका फळीवर सगळ्या नळांच्या तोट्या एकत्र आणता आल्या. एक माणूस एका जागी उभा राहून अख्ख्या रंगमंचाचा उजेड चढवू-उतरवू लागला. हुकूम देणारा हात दिव्यापासून पहिल्यांदा लांब गेला तो इथे.

त्याची किंमतही होती. ८ डिसेंबर १८८१ रोजी व्हिएन्नाच्या रिंग थिएटरात वायूच्या दिव्यांवरून आग भडकली आणि शेकडो प्रेक्षक मेले. त्यानंतर अवघ्या वीस दिवसांनी, २८ डिसेंबर १८८१ रोजी, लंडनच्या सॅव्हॉय थिएटरचा रंगमंच पहिल्यांदा विजेच्या दिव्यांनी उजळला. नाट्यगृहात मिळून सुमारे १२०० दिवे होते. मालक रिचर्ड डॉयली कार्ट यांनी प्रेक्षकांसमोर येऊन एक पेटता दिवा तलम कापडात गुंडाळला आणि फोडून दाखवला. कापड जळले नाही. रंगभूमीने विजेला घरात घेतले ते चमक हवी म्हणून, आणि तितकेच जीव वाचावा म्हणूनही. ही गोष्ट पुढे उपयोगी पडणार आहे, म्हणून ध्यानात ठेवूया.

हुकूम वेगळा, भार वेगळा

विजेचा दिवा मंद करायचा तर त्याच्या वाटेत अडथळा घालावा लागे. त्यासाठी तारांची मोठमोठी वेटोळी वापरत. काही ठिकाणी तर चक्क मिठाच्या पाण्याची भांडी असत : पाण्यात धातूचा तुकडा वर-खाली केला की दिवा उजळे किंवा मंदावे. या साऱ्या पद्धतींत दिव्याची सगळी वीज चालवणाऱ्याच्या हाताशेजारून जायची. फळी तापायची, जागा अडायची, आणि बरेच दिवे असले की बरीच माणसे लागायची.

१९४७ साली अमेरिकेत येल विद्यापीठात जॉर्ज आयझेनअर यांनी थायरट्रॉन नावाच्या नळ्या वापरून वेगळी व्यवस्था बांधली. आता मोठी वीज डिमरमधूनच जाणार आणि चालवणाऱ्याच्या हातात राहणार फक्त एक छोटा विद्युतदाब, डिमरला किती उघडायचे ते सांगण्यापुरता. १९५७ नंतर थायरिस्टर हा घन पदार्थाचा स्विच बाजारात आला आणि नळ्यांची जागा त्याने घेतली. भार एकीकडे, हुकूम दुसरीकडे, अशी कायमची वाटणी झाली.

याचा अर्थ असा नव्हे की तोवर प्रकाशाची कला थांबून राहिली होती. १९५९ साली कोलकात्याच्या मिनर्व्हा थिएटरात उत्पल दत्तांच्या ‘अंगार’मध्ये तापस सेन यांनी कोळशाच्या खाणीत चढत जाणारे पाणी केवळ प्रकाशाने उभे केले होते. कला यंत्राची वाट पाहत बसत नाही. पण यंत्र बदलले की नवे प्रश्न मात्र येतात.

नवा प्रश्न असा. हुकूम म्हणून शून्य ते दहा व्होल्ट इतका दाब पाठवायची रीत पडली. शून्य म्हणजे बंद, दहा म्हणजे पूर्ण. प्रत्येक डिमरला एक तार आणि सगळ्यांना मिळून परतीची एक सामाईक तार. साठ डिमर तर साठ तारांचा दोरखंड. त्या सामाईक तारेत कुठे अर्धा व्होल्ट जास्त चढला, की दहातला अर्धा म्हणजे पाच टक्के हुकूम आपोआप जाणार. काळोखाच्या प्रवेशात दिव्याची तार लालसर धुमसताना दिसे ती त्यामुळे. फळीवरचे शून्य आणि डिमरकडचे शून्य एकच असेल, हे सगळ्यांनी गृहीत धरले होते. ते एक नसते. या लेखाचा सगळा गाभा या एका वाक्यात आहे.

भाषांचा बाजार आणि १९८६

१९७५ साली न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर ‘अ कोरस लाइन’ हे संगीत नाटक आले. त्याची प्रकाशयोजना थॅरन मसर यांची. ब्रॉडवेवरचे प्रकाशबदल स्मरणशक्ती असलेल्या संगणकी फळीवरून पहिल्यांदा चालले ते या नाटकात. त्याआधी अनेक माणसे अनेक दांडे ओढत जे करत, ते आता एका बटणावर आले.

फळी हुशार झाल्यावर तारांचा दोरखंड नकोसा झाला. एकाच तारेतून सगळ्या डिमरांचे हुकूम एकामागून एक पाठवायच्या युक्त्या निघाल्या. स्ट्रँड सेंच्युरी कंपनीची एएमएक्स-१९२ ही पद्धत १९२ डिमर चालवी. पण प्रत्येक कंपनीची भाषा वेगळी. एकीची फळी आणि दुसरीचे डिमर यांचे बोलणेच होईना. फिरत्या नाटक कंपन्यांचे हाल झाले.

अखेर १९८६ साली अमेरिकेतल्या रंगतंत्रज्ञांच्या यूएसआयटीटी या संस्थेने सर्वांसाठी एक भाषा ठरवली : डीएमएक्स-५१२. १९९० साली तिच्यात सुधारणा झाली आणि २००४ साली तिला अमेरिकेच्या राष्ट्रीय मानकाचा दर्जा मिळाला. भाषा अगदी साधी आहे. एका तारेवर ५१२ जागा, प्रत्येक जागी शून्य ते २५५ यांपैकी एक आकडा. सेकंदाला अडीच लाख चिन्हे या वेगाने सगळ्या ५१२ जागांची यादी वाचून व्हायला साधारण २३ सहस्रांश सेकंद लागतात. ती संपली की पुन्हा पहिल्यापासून, सेकंदाला सुमारे ४४ वेळा. दिवा उत्तर देत नाही, चुकीची तपासणी होत नाही. एखादा आकडा हुकला तर पुढच्या फेरीत बरोबर येईल, हा भरवसा. म्हणूनच दारूकामाला किंवा डोक्यावरचे वजन हलवणाऱ्या यंत्राला या भाषेत हुकूम देऊ नये, असे हे मानक बजावते.

वायरमनची सवय इथे चालत नाही

भाषा नवी होती, पण तिचे वाहन उसने होते. कारखान्यांतल्या यंत्रांसाठी १९८३ साली ठरलेली आरएस-४८५ ही पद्धत उचलली गेली. तिच्यात एकमेकींना पीळ घातलेल्या दोन तारा असतात. एकीचा दाब वर गेला की दुसरीचा खाली येतो. ऐकणारा फक्त त्या दोघींमधला फरक बघतो. बाहेरचा गोंगाट दोन्ही तारांवर सारखाच पडतो, त्यामुळे फरक तोच राहतो. मोठी नामी युक्ती.

पण या वाहनाच्या अटी होत्या. तार एका यंत्रातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात अशी माळेसारखी गेली पाहिजे. एका माळेत ३२ यंत्रांहून जास्त भार नको. माळेच्या शेवटी १२० ओहमचा एक रोधक हवा. तो नसेल तर हुकूम टोकावर आपटून परत फिरतो, जसा डोंगराला लागून आवाज परततो. मग पुढच्या हुकुमात मागच्याचा प्रतिध्वनी मिसळतो आणि दिवे कारण नसताना लुकलुकतात.

घरच्या वायरिंगची सवय असलेल्या माणसाला हे पटत नाही. घरात जिथे बल्ब हवा तिथे तारेला फाटा काढायचा, वर टेप गुंडाळायची, की झाले. डीएमएक्सच्या तारेला असा फाटा काढला की फाट्याच्या सांध्यापासून आणि दोन्ही टोकांपासून प्रतिध्वनी सुरू होतात. माईकची तार हाताशी आहे म्हणून तीच वापरली तरी असाच घोळ होतो, कारण तिची घडण आवाजासाठी असते, इतक्या वेगवान चिन्हांसाठी नसते. मानकाने पाच पिनांचा एक्सएलआर जोड ठरवला तो यासाठीच. माईकचा जोड तीन पिनांचा. दोहोंची गल्लत होऊन माईकला जाणारी ४८ व्होल्टची वीज दिव्याच्या यंत्रात शिरू नये. पुढे स्वस्त दिव्यांच्या कंपन्यांनी तीन पिनाच लावल्या आणि गल्लत परत आली ती आली.

आता रंगमंच काही माळेसारखा नसतो. समोर वरती एक बार, डावी-उजवी विंग, मागचा सायक्लोरामा, प्रेक्षागृहातले दिवे, अशा सगळीकडे फांद्या फुटतात. तारेला फाटा काढता येत नाही आणि माळ तर सगळीकडे फिरवणे शक्य नाही. या अडचणीतून स्प्लिटर जन्माला आला. तो तार वाटत नाही. आलेला हुकूम स्वतः ऐकतो आणि प्रत्येक फांदीसाठी नव्याने, पूर्ण ताकदीने उच्चारतो. प्रत्येक फांदी ही स्वतंत्र माळ, तिचे स्वतंत्र ३२, तिचा स्वतंत्र रोधक. एका फांदीची तार कोणाच्या पायाखाली चिरडली तरी बाकीच्या शाबूत राहतात.

शून्याचा झगडा

इतके झाले तरी यंत्रे जळत राहिली. कारण ते जुने शून्य.

दोन तारांतला फरकच फक्त बघायचा, असे आपण म्हटले. पण ऐकणाऱ्या चिपची एक मर्यादा आहे. त्या दोन तारा तिच्या स्वतःच्या शून्यापासून उणे ७ ते अधिक १२ व्होल्टांच्या आत असल्या पाहिजेत. त्यापलीकडे ती फरक ओळखेलच याची खात्री नाही, आणि फार पलीकडे गेले तर ती मरते. तिचे स्वतःचे शून्य म्हणजे काय? बहुतेक वेळा, ती जिथे बसवली आहे तिथले अर्थिंग.

मागे प्रेक्षकांत बसलेली फळी एका सॉकेटवर, रंगमंचामागचे डिमर दुसऱ्या पुरवठ्यावर. दोन्ही अर्थिंग कुठेतरी जाऊन मिळतात खरे, पण मधल्या तारेला थोडा विरोध असतोच, आणि तिच्यातून यंत्रांची गळणारी वीज वाहत असते. त्यात डिमर दिवा मंद करताना विजेची प्रत्येक लाट कापतात. तशा कापलेल्या लाटांचा काही भाग तिन्ही फेजांवरून येऊन न्यूट्रलमध्ये एकमेकांना रद्द न करता साचत जातो. एखाद्या कामचलाऊ जोडणीत न्यूट्रल आणि अर्थिंग मंडपातच एकत्र बांधलेले असले, तर हे सारे अर्थिंगवर चढते. मग इथले शून्य आणि तिथले शून्य यांत दोन, पाच, दहा व्होल्टांचे अंतर पडते. न्यूट्रल तुटले, तर किती पडेल सांगवत नाही.

आणि या दोन शून्यांना जोडणारी सर्वांत बारीक वस्तू कोणती? डीएमएक्सच्या केबलचे आवरण, म्हणजे पहिली पिन. दोन्ही टोकांना ती अर्थिंगला टेकली की ती स्वतःच अर्थिंगची तार होऊन बसते आणि तिच्यातून नको ती वीज वाहू लागते.

यावरचा उपाय मला या साऱ्या इतिहासातला सर्वांत सुंदर वाटतो. स्प्लिटरच्या पोटात आत येणारी तार आणि बाहेर जाणारी तार यांच्यामध्ये धातूचा सांधा ठेवायचाच नाही. मध्ये एक चिमुकला बंद कप्पा. त्यात एका बाजूला इवलासा दिवा आणि दुसऱ्या बाजूला तो पाहणारा डोळा. हुकूम आला की दिवा चमकतो, डोळा ते पाहून पुढे सांगतो. वीज ओलांडत नाही, फक्त उजेड ओलांडतो. याला ऑप्टोकपलर म्हणतात. रंगमंचावरचे हजारो वॅटचे दिवे कोणाच्या सांगण्यावरून पेटतात, तर मोहरीएवढ्या एका दिव्याच्या.

पण एवढ्याने भागत नाही. प्रत्येक फांदीला वीजपुरवठाही आतून वेगळा हवा. उजेडाची फट ठेवली आणि पलीकडे दोन्ही बाजूंना एकाच पुरवठ्याची वीज दिली, तर पुढचे दार बंद करून मागचे उघडे टाकल्यासारखे. अशा डब्याही बाजारात असतात. वर ‘आयसोलेटेड’ लिहिलेले असते, आत नसते. २००४च्या मानकाने नियम घालून दिला तो थोडक्यात असा : बोलणाऱ्याने अर्थिंगशी जोडलेले असावे, ऐकणाऱ्याने मोकळे राहावे. तारेची प्रत्येक फांदी अर्थिंगला एकाच ठिकाणी टेकावी. शून्य एकच असावे, दोन नकोत.

कापलेली पिन

आता ज्यासाठी हे सगळे लिहिले तिथे येतो. दिवे लुकलुकतात, स्पीकर गुणगुणतो, नाटक अर्ध्या तासावर आले आहे. अशा वेळी कोणीतरी जाणता पुढे होतो आणि म्हणतो, “अर्थिंगचा लोचा आहे, प्लगची वरची पिन काढ.” पिन निघते, गुणगुण थांबते. सगळे त्याला शाबासकी देतात.

प्लगमधली ती जाड पिन गोंगाटासाठी नाही, माणसासाठी आहे. दिव्याच्या आतली तार तापून उघडी पडली आणि लोखंडी अंगाला टेकली, तर ती वीज त्या पिनेतून परत जाते आणि फ्यूज उडतो. पिन नसेल तर दिव्याचे अंग २३० व्होल्टवर शांतपणे टांगलेले राहते. दिवा चालू असतो, नाटक चालू असते. मग कोणीतरी शिडीवर चढून एका हाताने लोखंडी खांब धरतो आणि दुसऱ्याने दिवा फिरवायला जातो. तो सहसा गावचाच एखादा पोरगा असतो, पायात चप्पलसुद्धा नसलेला.

आपल्याकडे ही भीती पुस्तकी नाही. उत्सवाचे दिवस कोरड्या हंगामातले. मैदान कातळाचे, अर्थिंगचा रॉड चार बोटेही नीट उतरत नाही, आणि उतरला तरी कोरड्या जमिनीचा विरोध मोठा. वीज कधी खांबावरून, कधी जनरेटरवरून. ध्वनी एकाचा, प्रकाश दुसऱ्याचा, मंडपातल्या माळा तिसऱ्याच्या. प्रत्येकाचे शून्य वेगळे. अशा जागी जमिनीत ठोकलेल्या रॉडवर सगळा भरवसा ठेवता येत नाही. अर्थिंगची अखंड तार जनरेटरपर्यंत परत गेली पाहिजे आणि वाटेत ३० मिलिअँपियरचा ईएलसीबी पाहिजे. इतकी गळती झाली तरी तो वीज तोडतो.

मग गुणगुणीचे आणि लुकलुकीचे काय? त्यासाठीच ती डबी. यंत्रांची शून्ये वेगळी करायची असतील तर हुकुमाच्या तारेत करा, उजेडाच्या त्या फटीत करा. पॉवरच्या प्लगमध्ये नव्हे. जी गोष्ट सुरक्षितपणे तोडता येते ती तोडण्यासाठी स्प्लिटर आहे, म्हणजे जी कधीच तोडू नये ती तोडायची वेळ येत नाही.

पुढचे पाऊल

२००६ साली आरडीएम नावाची भर पडली आणि दिव्यांना त्याच दोन तारांवरून उत्तर द्यायला परवानगी मिळाली. जुना स्प्लिटर म्हणजे एका बाजूनेच उघडणारे दार, त्याच्यातून उत्तर परत येईना. म्हणून दोन्ही बाजूंनी उघडणारे स्प्लिटर निघाले. त्याआधीच, १९९८ साली, लंडनच्या आर्टिस्टिक लायसन्स कंपनीने डीएमएक्सचे हुकूम संगणकाच्या जाळ्यातून नेणारी आर्ट-नेट पद्धत आणली होती. २००९ साली एसएसीएन हे मानकही आले. संगणकाच्या जाळ्याच्या तारेला दोन्ही टोकांना चिमुकले ट्रान्सफॉर्मर असतात, त्यामुळे ती फट तिथे जन्मतःच मिळते. मात्र धातूच्या आवरणाची केबल वापरून दोन्ही टोके टेकवली, की तीही बुजते. इतके सगळे होऊनही शेवटचे चार-सहा मीटर बहुधा त्याच जुन्या पीळदार तारेचे असतात.

पणजीच्या कला अकादमीपासून मडगाव, साखळी, कुडचड्याच्या रवींद्र भवनांपर्यंत आज गोव्यात बंदिस्त रंगमंच आहेत. पण आपले नाटक अजूनही देवळासमोरच्या मंडपात श्वास घेते, आणि तिथली वायरिंग चार तासांत उभी राहते आणि पहाटे उतरते. सॅव्हॉयच्या मालकाने दिवा फोडून प्रेक्षकांना जे वचन दिले होते, की या उजेडाने कोणाला इजा होणार नाही, ते पाळण्याची जबाबदारी त्या चार तासांत आपल्या दिवेवाल्यावर असते. उत्सव समितीच्या हिशेबात हार, नारळ, मेकअप, पडदे यांच्या रकमा लिहिलेल्या असतात. त्यांच्याखाली एका खऱ्या स्प्लिटरच्या आणि एका ईएलसीबीच्या भाड्याची ओळ असायला काय हरकत आहे?